खुर्ची एक आणि मतदान पंधरा वेळा: अमेरिकेत स्पीकर निवडताना घोडं नेमकं कुठे अडतं?

७ जानेवारी २०२३, शनिवार. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ-दहा वाजले असतील, वॉशिंग्टनमध्ये अजून शुक्रवारची रात्र चालू होती, आणि मी मोबाईलवर अमेरिकेच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजचं लाईव्ह बघत बसलो होतो. स्पीकर निवडायचं चौदावं मतदान नुकतंच संपलेलं. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार केव्हिन मॅकार्थी २१६ मतांवर अडकला होता आणि लागत होती २१७. एक मत कमी! मग गडी उठला, मागच्या रांगेत बसलेल्या मॅट गेट्झ ह्या बंडखोर खासदाराकडे स्वतः चालत गेला, दोघांचं काहीतरी बोलणं झालं, मॅकार्थी खाली मान घालून परत फिरला, आणि तेवढ्यात माईक रॉजर्स नावाचा त्यांच्याच पक्षाचा दांडगा खासदार गेट्झच्या अंगावर धावून गेला, तर दुसऱ्या एका खासदाराने मागून त्याच्या तोंडावर हात टाकून त्याला अक्षरशः खेचून बाजूला केलं. एकाच पक्षाचे लोक बरं का हे सगळे. आणि निवडणुकीत जिंकलेला पक्ष!

हे सगळं इतकं जवळून दिसलं त्याचं कारणही मजेशीर आहे. एरवी सभागृहातले कॅमेरे सभागृहाच्याच ताब्यात असतात, ठराविक फ्रेम दाखवतात आणि संपलं. पण त्या आठवड्यात स्पीकर नव्हता, त्यामुळे नियम मंजूर झालेले नव्हते, त्यामुळे बाहेरच्या चॅनलचे कॅमेरे पाहिजे तिकडे फिरत होते, कोण कुणाच्या कानात कुजबुजतंय, कोण तोंड पाडून बसलंय, सगळं जगाला दिसत होतं.

तेव्हापासून बरेच जण विचारतात की बहुमत आहे ना त्यांच्याकडे, मग अडतं कुठे? तर अडतं गणितात, आणि गणितापेक्षा जास्त एका अलिखित नियमात. नीट समजून घेऊ.

आधी स्पीकर म्हणजे काय ते. आपल्या डोक्यात अध्यक्ष म्हणजे खुर्चीवर बसून "शांत राहा, शांत राहा" म्हणणारा, कागदावर तरी निष्पक्ष असलेला माणूस. तिकडचा स्पीकर तसा नसतो. तो उघडउघड आपल्या पक्षाचा सभागृहातला नेता असतो, कुठलं बिल मतदानाला आणायचं आणि कुठलं धूळ खात ठेवायचं हे बरंचसं तोच ठरवतो, आणि राष्ट्राध्यक्षाला काही झालं तर उपराष्ट्राध्यक्षानंतर नंबर त्याचाच लागतो. म्हणजे पद एक पण ताकद भरपूर, म्हणून मारामारी.

आता निवड कशी होते. दर दोन वर्षांनी नवीन सभागृह बसतं, ४३५ जागा. दोन्ही पक्ष आधी बंद दाराआड आपापला उमेदवार ठरवतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने असंच गुप्त मतदान केलं, मॅकार्थीला १८८ आणि विरोधात उभ्या राहिलेल्या अँडी बिग्जला ३१ मतं पडली. रीत अशी की घरात काय भांडायचं ते भांडा, बाहेर आलात की सगळ्यांनी एकच नाव घ्यायचं. मग ३ जानेवारीला सभागृहात प्रत्येकाचं आडनाव पुकारतात आणि त्याने उभं राहून मोठ्याने नाव सांगायचं. बटण नाही, चिठ्ठी नाही, सगळ्यांसमोर तोंडाने. ३१ मधल्या बऱ्याच जणांनी रीत पाळली. १९ जणांनी नाही पाळली.

रिपब्लिकन पक्षाकडे २२२ जागा होत्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे २१२, एक जागा रिकामी. जिंकायला लागते नाव घेऊन दिलेल्या एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त. सगळ्यात जास्त नव्हे, निम्म्याहून जास्त, हा फरक लक्षात ठेवा कारण सगळी मेख इथेच आहे. पहिल्या फेरीत डेमोक्रॅट हकीम जेफ्रीजला २१२, मॅकार्थीला २०३, उरलेली १९ इकडे तिकडे. म्हणजे अल्पमतातल्या पक्षाचा माणूस पहिल्या नंबरवर आणि तरी कुणीच जिंकलेलं नाही. दुसऱ्या फेरीत बंडखोर १९ च, तिसऱ्या फेरीत २० झाले. सातव्या फेरीपासून गेट्झने तर थेट डोनाल्ड ट्रम्पचं नाव घ्यायला सुरुवात केली, कारण राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही की स्पीकर हा खासदारच पाहिजे!

निवड होईपर्यंत सभागृह म्हणजे नुसता हॉल. शपथ आधी स्पीकर घेतो आणि मग तो बाकीच्यांना देतो, त्यामुळे स्पीकर नाही तर खासदारही नाहीत, सगळे "निवडून आलेले पण अजून न झालेले". गुप्त माहितीच्या मीटिंगला जाता येईना म्हणून काही जणांनी जाहीर तक्रार केली. आणि हा सगळा गोंधळ सांभाळत होत्या सभागृहाच्या क्लर्क शेरिल जॉन्सन. क्लर्क म्हणजे आपल्या डोक्यातला कारकून नव्हे, ते मोठं प्रशासकीय पद आहे, पण त्या निवडून आलेल्या नसतात. चार दिवस देशाचं कनिष्ठ सभागृह त्यांच्या हातात होतं.

मग पंधराव्या फेरीत मॅकार्थी जिंकला कसा? इथे सगळे गोंधळतात. त्याला मिळाली २१६ मतं, चौदाव्या फेरीत होती तेवढीच! बदललं ते इतकंच की उरलेल्या सहाच्या सहा बंडखोरांनी (बाकीचे तोवर सवलती घेऊन वळले होते) दुसऱ्या कुणाचं नाव न घेता नुसतं "हजर" म्हटलं. "हजर" म्हणजे मत मोजणीत धरत नाहीत. हजर होते ४३४, त्यातले ६ वजा, राहिले ४२८, त्याच्या निम्म्याहून जास्त म्हणजे २१५. झालं काम. पाठिंबा एकाही मताने वाढला नाही, भागाकाराचा खालचा आकडा कमी झाला. रिपब्लिकन लोक सोमवारपर्यंत सभागृह तहकूब करायचं मतदान करतच होते, ते चालू असतानाच सौदा जमला आणि मॅकार्थी "वन मोअर टाइम" ओरडत पुढे आला, ते दृश्य मी तरी विसरणार नाही.

आता प्रश्न, ह्या १९-२० लोकांना एवढी हिंमत येते कुठून? आपल्याकडे व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून. तिकडे असा कायदाच नाही. आणि तिकीटही वरून कुणी देत नाही, पक्षाचा उमेदवार मतदारसंघातले पक्षाचे मतदारच प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, निवडतात. म्हणजे पक्षनेत्याच्या हातात ना तिकीट कापायची कात्री, ना सदस्यत्व घालवायचा कायदा. फार तर कमिटीवरून काढेल. उलट बंडखोराचा मतदारसंघ एकाच पक्षाचा पक्का असेल तर नेत्याला नडल्याने त्याचं नुकसान शून्य, टीव्हीवर चेहरा दिसतो, देणग्या येतात, प्रायमरीत "हा वाकत नाही" म्हणून टाळ्या पडतात. समजूतदारपणा केला तर मात्र प्रायमरीत कुणीतरी अजून कडवा समोर उभा राहतो. मला वाटतं ह्या लोकांना माथेफिरू म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्यांच्या जागेवरून बघितलं तर ते हिशोबाने वागत होते. नाक दाबलं की तोंड उघडतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि तोंड उघडलंच. मॅकार्थीने जे जे दिलं त्यातलं सगळ्यात महाग होतं ते हे: कुणीही एकटा खासदार उठून स्पीकरला हटवायचा प्रस्ताव आणू शकेल. एकटा! म्हणजे ज्या फांदीवर बसायचं तिथे करवत बांधून ठेवली आणि म्हणाला, लागली तर वापरा.

नऊ महिन्यांनी वापरली. ३० सप्टेंबर २०२३ ला सरकारचे पैसे संपत होते, मॅकार्थीने ४५ दिवसांची तात्पुरती सोय करणारं बिल आणलं आणि ते ३३५ विरुद्ध ९१ ने पास झालं, पण त्यात डेमोक्रॅट २०९ आणि त्याच्या स्वतःच्या पक्षाचे १२६. विरोधकांच्या जोरावर बिल पास केलंस म्हणून गेट्झने प्रस्ताव टाकला आणि ३ ऑक्टोबरला २१६ विरुद्ध २१० ने मॅकार्थी गेला. मतदानाने हटवलेला अमेरिकेच्या इतिहासातला पहिला स्पीकर. त्याच्या पक्षाचे फक्त ८ जण फुटले होते, बाकीची २०८ मतं डेमोक्रॅटिक पक्षाची.

इथे थांबून विचार करा. आठ जणांनी पाडलं हे खरं, पण आठ जण एकटे कुणाला पाडू शकत नाहीत. डेमोक्रॅट नुसते बाहेर जाऊन उभे राहिले असते तरी तो वाचला असता. त्यांनी का वाचवावं हाही प्रश्नच आहे म्हणा, त्याने मे महिन्यात ठरलेल्या खर्चाच्या आकड्यावरून माघार घेतली होती, बायडेनविरुद्ध महाभियोगाची चौकशी सुरू केली होती, आणि वाचवायच्या बदल्यात काही द्यायलाही तो तयार नव्हता. देणार कसा? विरोधकांना एक कमिटी देऊन मतं घेतली असं कळलं असतं तर आठाचे ऐंशी झाले असते.

हाच तो अलिखित नियम. स्पीकर फक्त आपल्या पक्षाच्या मतांवर निवडायचा, पलीकडे हात करायचा नाही, जो करेल तो गद्दार. कुठल्याही कायद्यात हे लिहिलेलं नाही. पण एकदा हा नियम मानला की २२२ मधल्या कुठल्याही पाचांना नकाराधिकार मिळतो, आणि मग ४३५ लोकांचं सभागृह पाच जण चालवतात.

मॅकार्थी गेल्यानंतरचे तीन आठवडे बघा. पक्षाने आधी स्टीव्ह स्कॅलिसला निवडलं, ११३ विरुद्ध ९९, त्याला सभागृहात मतं जमणार नाहीत हे दिसल्यावर तो दुसऱ्याच दिवशी मागे हटला. मग जिम जॉर्डन, तीन वेळा मतदान, २००, १९९, १९४, म्हणजे दर फेरीला खालीच. मग टॉम एमर, दुपारी ठरवून संध्याकाळच्या आत माघार. शेवटी २५ ऑक्टोबरला माईक जॉन्सन, ज्याचं नाव बऱ्याच अमेरिकन लोकांनीही तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं असेल. तो का जमला? माझं मत असं की त्याचे शत्रू व्हायला अजून वेळच मिळाला नव्हता. मधल्या २२ दिवसांत हमासचा हल्ला होऊन गेला, इस्रायलचं युद्ध सुरू झालं, आणि सभागृह एक बिल पास करायच्या स्थितीत नव्हतं. हंगामी स्पीकर पॅट्रिक मॅकहेन्रीला तात्पुरते जादा अधिकार देऊ अशी एक सरळ वाट होती, दोन्ही बाजूंची मतं लागली असती, म्हणूनच ती रिपब्लिकन बैठकीत हाणून पाडली.

मे २०२४ मध्ये जॉन्सनवरही तोच प्रस्ताव आला, युक्रेनची मदत पास केली म्हणून, मार्जोरी टेलर ग्रीनने आणला. ह्यावेळी १६३ डेमोक्रॅट त्याच्या बाजूने उभे राहिले आणि प्रस्ताव ३५९ विरुद्ध ४३ ने बासनात गेला. म्हणजे पलीकडे हात केला तर आभाळ कोसळत नाही. पण ह्याला कुणीही युती म्हटलं नाही, तसा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नाही. आणि जानेवारी २०२५ पासून हा प्रस्ताव आणायला बहुमतातल्याच पक्षाचे नऊ जण लागतील असा नियम करून टाकला.

जुना इतिहास म्हणाल तर १८५५-५६ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावर दोन महिने आणि १३३ फेऱ्या झाल्या होत्या, शेवटी कंटाळून "ज्याला सगळ्यात जास्त तो जिंकला" असं ठरवलं आणि नॅथॅनिएल बँक्स १०३ विरुद्ध १०० ने आला. त्यापुढे मॅकार्थीच्या पंधरा फेऱ्या म्हणजे काहीच नाही.

खरी गंमत बघायची तर राज्यांच्या विधानसभांकडे बघा, तिथे गणित इतकं घट्ट बसतं की सत्ता वाटून घेण्याशिवाय गत्यंतर नसतं. इंडियाना राज्यात १९८८ च्या निवडणुकीत ५०-५० झालं. काय केलं त्यांनी? दोन स्पीकर! एक दिवस हा, एक दिवस तो. लोक त्यांना "स्टिरिओ स्पीकर" म्हणायचे. मिशिगनने १९९३ मध्ये ५५-५५ झाल्यावर महिन्या-महिन्याची पाळी लावली. ओरेगनमध्ये २०११ ला ३०-३०, तिथेही दोन स्पीकर जोडीने. ऐकायला पोरखेळ वाटतो पण ह्या सभागृहांनी बजेट पास केली, कामं झाली. बरोबरी असली की कुणालाच "आपण जिंकलोय" असं वाटत नाही आणि निम्मी भांडणं तिथेच संपतात.

बरोबरी नसताना वाटून घेतलं की मात्र किंमत मोजावी लागते. ओहायोत ३ जानेवारी २०२३ ला ९९ पैकी ६७ रिपब्लिकन होते, पक्षाने डेरेक मेरिन ठरवला होता, पण जेसन स्टीफन्स २२ रिपब्लिकन आणि ३२ डेमोक्रॅट जमवून ५४ मतांनी स्पीकर झाला. राज्याच्या पक्ष समितीने त्या २२ जणांवर निषेधाचा ठराव केला, आणि पुढच्या वेळी स्टीफन्स स्पीकरपदासाठी उभाच राहिला नाही. त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियात डेमोक्रॅटिक पक्षाने १०२ जागा जिंकल्या होत्या पण एक मृत्यू आणि दोन राजीनामे, त्यामुळे हातात ९९, समोर १०१. म्हणून मार्क रॉझी नावाचा डेमोक्रॅट अचानक पुढे आला, मी कुठल्याच गटात बसणार नाही म्हणाला, १६ रिपब्लिकन मतं घेऊन ११५ ने निवडून आला. पण त्याने पक्ष काही सोडला नाही, रिपब्लिकन चिडले, पोटनिवडणुका झाल्यावर डेमोक्रॅटना त्याची गरज उरली नाही, आणि २८ फेब्रुवारीला तो पायउतार झाला. दोन महिनेसुद्धा पुरे नाही.

आणि मिनेसोटा. हे जरा सावकाश सांगतो. १३४ जागा, नोव्हेंबर २०२४ ला निकाल ६७-६७. दोन्ही पक्षांच्या नेत्या, रिपब्लिकन लिसा डेमथ आणि डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाच्या (मिनेसोटात डेमोक्रॅटिक पक्षाचं नाव हेच) मेलिसा हॉर्टमन, वाटणीचं बोलणं करत होत्या, बऱ्यापैकी पुढेही गेलं होतं. तेवढ्यात कोर्टाचा निकाल आला की डेमोक्रॅटिक बाजूचा एक जिंकलेला उमेदवार मतदारसंघात राहतच नव्हता. ६७-६६! झालं, रिपब्लिकन म्हणाले आता बहुमत आमचं, वाटणी कसली. वर अजून एक डेमोक्रॅट फक्त १४ मतांनी निवडून आला होता आणि तिथे २० मतपत्रिका गहाळ झालेल्या, त्यालाही बसू देणार नाही अशी भाषा सुरू झाली.

डेमोक्रॅटिक बाजूने काय केलं, तर ते आलेच नाहीत. ६६ च्या ६६ गैरहजर. १४ जानेवारी २०२५ ला पहिल्या दिवशी अध्यक्षस्थानी होते राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट स्टीव्ह सायमन, त्यांनी डोकी मोजली, ६७, कोरमला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, ६८ पाहिजेत म्हणाले, सभा तहकूब केली आणि निघाले. रिपब्लिकन उठले नाहीत. एक जागा रिकामी आहे म्हणजे एकूण १३३, त्याचं बहुमत ६७, आमचा कोरम आहे, असं म्हणून त्यांनी तिथेच डेमथना स्पीकर निवडलं आणि कामकाज सुरूही केलं. दहा दिवसांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जागा १३४ च धरायच्या, कोरम ६८ च, म्हणजे झालेलं सगळं कामकाज रद्दबातल. एका आकड्यावरून, ६७ की ६८!

आता दोघांचंही अडलं होतं. एकाकडे एका जागेची आघाडी पण कोरम नाही, दुसऱ्याकडे कोरम अडवायची ताकद पण पगार घेऊन घरी बसल्याची बोंब. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तह झाला: दोन वर्षं स्पीकर डेमथ, १४ मतांवाल्याला हात लावायचा नाही, आणि पोटनिवडणुकीनंतर पुन्हा बरोबरी झाली की कमिट्या निम्म्या निम्म्या, प्रत्येकीला दोन अध्यक्ष. मार्चमध्ये बरोबरी झाली. तिथून पुढे कुठलंही बिल पास करायचं तर ६८ मतं, म्हणजे समोरच्याचं किमान एक मत लागणारच.

ते एक मत द्यायची वेळ आली तेव्हा ते कुणी दिलं हे बघण्यासारखं आहे. बजेटच्या तडजोडीत रिपब्लिकन पक्षाने अट घातली होती की कागदपत्रं नसलेल्या प्रौढ स्थलांतरितांचा राज्याचा आरोग्य विमा बंद करायचा. डेमोक्रॅटिक बाजूला हे अजिबात मान्य नव्हतं, पण त्याशिवाय बजेट होत नव्हतं आणि सरकार बंद पडलं असतं. ९ जून २०२५ ला मतदान झालं. ६७ रिपब्लिकन आणि पलीकडून बरोबर एक मत, ६८ विरुद्ध ६५. ते मत मेलिसा हॉर्टमन यांनी स्वतः दिलं, दुसऱ्या कुणाला द्यायला लावलं नाही. नंतर पत्रकारांशी बोलताना त्यांना रडू आवरेना.

पाच दिवसांनी, १४ जूनला पहाटे, त्यांची आणि त्यांच्या नवऱ्याची राहत्या घरात गोळ्या घालून हत्या झाली. सभागृह परत ६७-६६ वर आलं. सप्टेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली, जागा डेमोक्रॅटिक बाजूकडेच राहिली, आणि आकडा पुन्हा ६७-६७.